तोंड नसलेले शिपाई

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आज एक्याण्णवाव्या वर्षीही नाही. या सदरातले अनुभव नात वाचून दाखवते, तेव्हा मी निम्म्यातच तिला थांबवतो. पण एक गोष्ट मी स्वतःच्या हातांनी केली आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे... ती आता लिहिली नाही तर माझ्याबरोबर जाईल.

गाव भोकरदन, साल १९५६ च्या आसपास. तेव्हा आमचा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. घरात ओतकाम पिढीजात, वडील मूर्ती आणि घंटा ओतायचे. मी शिशाचे शिपाई ओतायला लागलो, बोटभर उंचीचे. पोरांना खेळायला नव्हे, शौकीन लोकांना काचेच्या कपाटात मांडायला. हैदराबादच्या एका निवृत्त फौजी साहेबांनी असईची लढाई मागितली होती. असई आमच्या जवळच. शिंद्यांचं पायदळ आणि इंग्रजांचे लाल डगलेवाले, मिळून चारशे शिपाई. साहेब विलायतेला जाणार होते, त्याआधी सगळे हवे होते. एवढं मोठं काम मला आधी कधी मिळालं नव्हतं.

ओतायचो मी, रंगवायची माझी बायको सुशीला. डोळा काढायला ब्रशला सुईसारखं टोक लागतं. ती ब्रश ओठांत फिरवून टोक करायची, दर डोळ्याला एकदा. रंग म्हणजे सफेदा आणि शेंदूर. दोन्ही शिशाचेच.

अडीचशे शिपाई झाले आणि तिचं पोट दुखायला लागलं. मग मनगटं लुळी पडू लागली, हातातून तांब्या निसटायचा. जालन्याच्या डॉक्टरांनी तिच्या हिरड्या पाहिल्या. हिरड्यांवर निळी रेघ होती. तिला बाहेर बसवून ते मला म्हणाले, "शिसं पोटात जाऊन राह्यलंय. हे काम बिलकुल बंद करा. आता थांबली तर वाचंल."

मोटारीत तिनं विचारलं, "काय म्हणाले हो?"

"अशक्तपणा. दूध प्यायला सांगितलं."

"एवढ्यासाठी जालन्याला आणलं व्हय? घरची म्हैस पण हेच सांगती!" आणि हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवली. पहिला शिपाई साच्यातून काढला, त्याला तोंड नव्हतं. पागोट्याच्या घड्या स्पष्ट, डगल्याची बटणं स्पष्ट, बोटं मोजून घ्यावीत अशी. चेहऱ्याच्या जागी मात्र सोललेल्या शेंगदाण्यासारखं गुळगुळीत. शिसं थंड असलं की साचा नीट भरत नाही, हे मला माहीत होतं. शिसं जास्त तापवलं, कथील वाढवलं, साच्याला काजळी धरली. साचा दगडाचा, चार निरनिराळे होते. चारींतून तसेच. शेवटी साच्यात मळलेली कणीक दाबून पाहिली — कणकेवर नाक, डोळे, मिशा, सगळं बराबर उठलं! पुन्हा शिसं ओतलं. तोंड नाही.

असे अकरा दिवस गेले.

"तुमची फौज लाजून राह्यली," सुशीला म्हणायची. "मी रंगवू काय, कपाळ?"

रंगवायला काही नव्हतं, म्हणून ब्रश तोंडात जात नव्हता. सातव्या दिवशी ती पोटभर भाकरी खाऊन उठली. दहाव्या दिवशी भरलेली कळशी तिनं एकटीनं उचलली. मला दाखवायला दोनदा उचलली.

ते मी पाहिलं. तरी बाराव्या दिवशी कोरायची सुई घेतली आणि तोवर ओतून साठलेल्या दीडशे शिपायांना हातानं तोंडं कोरली. कोरून झाल्यावर आधी मीच रंगवायला बसलो. ब्रश चिंधीवर फिरवून टोक केलं, तर डोळ्याच्या जागी डाग पडला. साहेबांचं पत्र आलं होतं, आठवड्यात निघतो म्हणून.

तिनं एक शिपाई हातात घेऊन निरखला. "हे कोरलेत तुम्ही?"

"न्हाई, साचा सुधरला."

"मंग आणा इकडं जल्दी."

तिनं ब्रश ओठांत धरला. मी समोरच बसलो होतो, दोन हातांवर. नको म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, का? आणि कधीपासून माहीत आहे तुम्हाला? त्या प्रश्नाला घाबरून मी गप्प बसलो. दीडशे शिपाई, तीनशे डोळे. प्रत्येक वेळी गप्प बसलो.

माल वेळेवर गेला. महिन्याभरात सुशीला गेली, झटके येऊन. ती गेल्यावर मी एकदाच शिसं ओतलं. तेच साचे, तेच शिसं. चेहरा स्वच्छ आला, पापणीसुद्धा. त्यानंतर भट्टी पेटवली नाही.

दहाव्याला तिची धाकटी बहीण कमल रडत म्हणाली, "भाऊजी, असईच्या मेलेल्यांची खेळणी केली तुम्ही. त्यांनीच नेलं माझ्या अक्काला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. गावात आजही तसंच सांगतात.

तसं नव्हतं. त्या अकरा दिवसांत जे काही आमच्या घरात होतं, ते तिला न्यायला आलं नव्हतं. ते तिला राखत होतं. ते काय होतं, शिशाला तोंड का येत नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. ओतकाम जाणणाऱ्या कितीजणांना विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही.

कमल अजून आहे. तिला दिसत नाही, ऐकू मात्र येतं. छापून आलं की हे तिला वाचून दाखवायला मी नातीला सांगितलं आहे. मी शेजारीच बसणार आहे.