हिरव्या दोऱ्याचं कॉइल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. दुकानात गल्ल्यामागं बसून चाळीस-एक वर्षं मी बोलतोच आहे – भाव, घासाघीस, प्रसंगी शिव्यासुद्धा – पण एवढं सोडून. उलट हे झाकायला दुसरंच काहीतरी सांगत आलो, आणि ते मात्र शेकडो लोकांना सांगितलं. सांगलीत माझ्या दुकानातून तुम्ही कधी मोटारसायकलचा पार्ट घेतला असेल, तर तुम्हालाही सांगितलं असेल. "गावठी कॉइलनं माझा चषक घालवला. घ्यायचा तर कंपनीचा पार्ट घ्या." आठवलं?

थांबा. आधी तो हंगाम सांगतो. एकदम मुद्द्यावर यायचं मला जमत नाही – गिऱ्हाईक असो की स्वतःची चूक.

मी वडूजचा. दुष्काळात गाव सोडलं, सांगलीला आलो, जुन्या पंपांचे सुटे भाग पोत्यात घालून गावोगाव विकायला लागलो. त्यातच आष्ट्याचा आनंदा भेटला. जळालेल्या मोटारी परत गुंडाळून द्यायचा, वायंडर. माझ्याच वयाचा, पंचविशीतला. पहिल्या भेटीत मी त्याच्याशी तासभर भाव केला. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "झालं का बोलून? मग च्या घे." भाव त्यानं एका पैशानंही हलवला नाही. मला असा माणूस आवडत नाही. पण तो आवडला – का ते अजून कळलेलं नाही.

दुष्काळानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही दोघांत मिळून मोटारसायकल घेतली. शिरवळच्या एका रिटायर सुभेदाराची, अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची. मी तीन दिवस त्याच्या ओसरीवर बसून होतो. तीनही दिवस त्याच्या बायकोनं जेवायला वाढलं. चौथ्या दिवशी सुभेदारानं किल्ली माझ्या अंगावर टाकली. "घेऊन जा. पन परत ह्या दारात दिसू नको." आनंदा बाहेर चिंचेखाली हसत बसला होता.

त्या वर्षी जत्रांतून बैलगाड्यांच्या शर्यती संपल्या, की त्याच पट्टीवर हौशी लोक मोटारसायकली सोडायचे. आम्ही मडगार्ड काढले, दिवा काढला, तेलाचा डबा कापून पत्रा केला आणि त्यावर चुन्यानं सात आकडा काढला. टेम्पो करायची ऐपत नव्हती. शर्यतीची गाडी तीच आणि शर्यतीला जायची गाडीही तीच. मी पुढं, आनंदा मागं, मध्ये हत्यारांचं पोतं. पाना पाठीत टोचायचा. मी ओरडलो की तो म्हणायचा, "पाना न्हाई गड्या, माझं कोपर हाय." पानाच असायचा.

पहिल्याच जत्रेत गाडी चालता चालता मेली. प्लगला ठिणगी देणारं कॉइल गेलं होतं. हे कॉइल खराब असलं की गरम होऊन दगा देतं, आणि थंड झालं की पुन्हा चालतं – म्हणजे ते खरंच गेलं होतं की नाही, हे नंतर कुणाला सिद्ध करता येत नाही. एवढं ध्यानात ठेवा. नवं कॉइल मिळायला महिने लागणार होते. आनंदा म्हणाला, "मी गुंडाळतो."

केसासारखी बारीक तार. हजारो वेढे. तो ओठ हलवत मोजत होता. मी मध्येच विचारलं, "किती झालं रं?" तर आनंदाच्या बायकोनं, सुशीलावहिनींनी, उलथन्याचा दांडा माझ्या हातावर मारला. "गप बसा जरा, भावजी. चुकलं तर पुन्ना पैल्यापास्नं." दोन दिवसांनी कॉइल तयार झालं. वरून त्यानं वहिनींच्या डब्यातला हिरवा रेशमी दोरा घट्ट गुंडाळला आणि आपली नेहमीची दुहेरी गाठ मारली. त्या गाठीवरून त्याचं काम तालुक्यात कुणीही ओळखायचं.

मग आम्ही जिंकत गेलो. एकदा फेटा-नारळ, एकदा सायकल, एकदा पितळी हंडा. हंडा कुणाच्या घरी राहायचा यावरून मी आष्ट्यापर्यंत वाद घातला. दारात तो वाद चालू असतानाच वहिनींनी हंड्यात पाणी तापत ठेवलं आणि विषय संपवला. एका गुऱ्हाळावर गरम गुळात शेंगदाणे टाकून खाल्ले – जीभ भाजली, तरी खात राहिलो. असे दिवस पुन्हा आले नाहीत. पैसा आला. दिवस आले नाहीत.

पण आनंदाची एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो शर्यत कधी बघायचा नाही. पट्टीकडं पाठ करून उकिडवा बसायचा, न पेटवलेली विडी ओठात, डोळे मिटलेले. फक्त ऐकायचा. दहा गाड्यांच्या गोंगाटात आमची गाडी त्याला वेगळी ऐकू यायची. मी जिंकून आलो, लोक पाठीवर थापा मारत असले, तरी हा म्हणायचा, "दुसऱ्या फेरीला गियर उशिरा टाकलास. आन् वढ्याजवळ मूठ का ढिली केलीस रं? कुत्रं आलतं का?" खरंच कुत्रं आलेलं असायचं. मी चिडायचो. तो प्रत्येक शर्यतीनंतर चूक सांगायचा, एकदाही चुकला नाही.

हंगामाची शेवटची शर्यत साताऱ्याला, यवतेश्वरच्या घाटात होती. एकेकानं घाट चढायचा, खाली आणि वर घड्याळ लावलेलं. चषक मोठा होता. पण आनंदासाठी त्यात त्याहून मोठं काहीतरी होतं. सातारा-कऱ्हाडचे, कोल्हापूरचे गाडीवाले त्याच्या कॉइलची चौकशी करत होते. "घाटात टिकलं, तर आम्हीही गुंडाळून घेऊ," असं चारचौघांत म्हणाले होते. आनंदानं आष्ट्याच्या दुकानावर नवी पाटीही रंगवून घेतली होती – 'मोटारसायकलचे कॉइल भरून मिळतील.' विहिरीत उतरून, चिखलातून पंप ओढून त्याची कंबर गेली होती. त्याला त्यातून सुटायचं होतं. मला फक्त चषक हवा होता.

सकाळी तिथंही मी प्रवेश फीवरून घासाघीस केली. सगळे हसले, मला त्याचं काही वाटलं नाही. माझी पाळी आली. आनंदानं प्लग तपासला, टाकीवर थाप मारली आणि रस्त्याकडं पाठ करून एका दगडावर बसला.

पहिलं वळण. दुसरं. गाडी अशी कधीच चालली नव्हती – आनंदाचं कॉइल ठणठणीत ठिणगी देत होतं, हे मांड्यांना कळत होतं. तिसऱ्या वळणाला दरीच्या बाजूला कठडा नव्हता, फक्त चुना लावलेले दगड. खाली साताऱ्याची घरं, समोर अजिंक्यतारा. आदल्या दिवशी सरावात मी ते वळण तीनदा घेतलं होतं. मग त्या दिवशी काय झालं?

खरं सांगू? मी तिथं भाव केला. जत्रेत माझ्या पुढं कुणीतरी असायचं, त्याचा राग यायचा, रागात ॲक्सिलरेटरची मूठ पिळली जायची. घाटात पुढं कुणीच नव्हतं. राग धरायचा कुणाचा? डोकं रिकामं झालं आणि त्या रिकाम्या डोक्यात सवयीनं प्रश्न आला – एवढ्याशा चषकासाठी हे एवढं द्यायचं? आणि मूठ सुटली. ब्रेक दाबला गेला. गाडी कडेच्या खडीवर जाऊन उभी राहिली. इंजिन चालूच होतं – टुक, टुक, टुक. मी ते माझ्या हातानं बंद केलं.

गाडी बंद पडली नव्हती. मी भ्यालो होतो.

एवढंच असतं, तर हा कबुलीजबाब कशाला लिहिला असता? भिणं हा काही गुन्हा नाही. गाडी उतारावर ढकलत खाली आलो, तेव्हा शंभरेक माणसं उभी होती. साताऱ्यातल्या एका वकिलाचा मुलगा, कातडी जाकीट घालून यायचा, तो म्हणाला, "काय शेठ, वळणाशी सौदा जमला नाही वाटतं?" त्यानं थट्टा केली होती. त्याला काय ठाऊक, की त्यानं नेमकं तेच म्हटलं होतं? माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो – "कॉइल मेलं. गावठी कॉइल. आष्ट्यात गुंडाळलेलं."

आनंदा तीन हातांवर उभा होता. त्याच्या ओठातली विडी खाली पडली. लोक त्याच्याकडं बघायला लागले. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं. आणि म्हणाला, "गरम झालं आसंल."

बस. एवढंच.

आणि मग आम्ही घरी गेलो – कशावर? त्याच गाडीवर. त्याच कॉइलवर. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, आष्टा. भर उन्हात, दोन माणसं आणि पोतं. गाडी एकदाही अडखळली नाही. मी मनात म्हणत होतो, एकदा तरी मर, आत्ता मर. ती मेली नाही. मागं आनंदा, माझ्या पाठीला पाना टोचत होता आणि मी ओरडलो नाही.

आष्ट्याला तो उतरला. वहिनींनी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "न्हाई जमलं." मी वाट बघत उभा राहिलो. कशाची? तो चूक सांगेल याची. प्रत्येक वेळी सांगायचा ना – मूठ कुठं ढिली झाली, गियर कुठं चुकला. त्या दिवशी त्यानं एकही चूक सांगितली नाही. तेव्हा मला कळलं, की त्यानं सगळं ऐकलंय.

कॉइल भरायला साताऱ्याहून कुणी आलं नाही, कोल्हापूरहूनही नाही. वर्षभरात त्या पाटीवर नवा रंग चढला – 'पंपाच्या मोटारी भरून मिळतील.' जवळून पाहिलं की खालची अक्षरं दिसायची. मी जवळून पाहिलं आहे. त्याच वर्षी मी सांगलीत स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. आणि माझ्यासारख्या धंदेवाल्याला असली गोष्ट आयतीच मिळालेली. गिऱ्हाईक किमतीवर अडलं, की मी ती काढायचो. घाट, वळण, मेलेलं कॉइल. सांगताना मला खरोखर राग यायचा. आपलंच खोटं, आणि त्याचा आपल्यालाच खरा राग – असं होतं का तुमचं? माझं झालं. पुढं पुढं तर मला वाटायला लागलं, की खरंच माझा चषक कुणीतरी घालवला.

गाडी मी वडूजच्या एका दूधवाल्याला विकली होती. चार वर्षांनी तो क्लच प्लेटा घ्यायला दुकानात आला. मी सहज विचारलं, "बाकी काय काय बदललंस?" तो म्हणाला, "काय न्हाई वो. रोज दोन कॅन घिऊन घाट चढती. ते हिरव्या दोऱ्याचं कॉइल तर तसंच हाय, हातबी लावला न्हाई."

दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. त्यातल्या एकाला मी नुकतीच ती गोष्ट सांगितली होती. मी उठलो, कंपनीचं नवं कॉइल काढलं, स्वतः खाली बसून त्याच्या गाडीला लावलं आणि पैसे नको म्हणालो.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "फुकट? शेठ, तब्येत बरी हाय न्हवं?"

जुनं कॉइल मी गल्ल्याच्या खालच्या खणात टाकलं. चांगलं चालणारं. फेकवलं नाही – का, ते विचारू नका.

त्याच पावसाळ्यात आनंदा बेअरिंग न्यायला आला. आमचं येणं-जाणं कधी थांबलं नव्हतं. त्याच्या घरी मी जेवायचो, त्याच हंड्यातल्या पाण्यानं हात धुवायचो. त्याला नंबर लिहायला पेन्सिल हवी होती. मी गिऱ्हाइकाशी वाद घालत होतो, म्हणालो, खणात बघ. आवाज आला नाही म्हणून वळलो. त्याच्या हातात कॉइल होतं. अंगठ्यानं त्यानं गाठीवरची माती पुसली. उलटंसुलटं करून पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी गल्ल्यातल्या नोटा पुन्हा मोजायला लागलो.

"तार चांगली मिळायची तवा," तो म्हणाला. आणि कॉइल जिथं होतं तिथं ठेवलं.

मी म्हणालो, "बेअरिंगचे पैसे राहू दे."

त्यानं नोटा गल्ल्यावर ठेवल्या आणि हसला – मनापासून, चिंचेखाली हसला होता तसा. "घे रं शिवा. तू फुकट द्याय लागलास, तर लोकांस्नी वाटंल ह्यानं काय तरी केलंय."

माझी त्याच्याबद्दल अजून एक तक्रार आहे, आणि ती मी सोडलेली नाही. तो कधी भांडला नाही. एकदा कॉलर धरली असती, तर मीही चिडलो असतो, ओरडलो असतो, आणि ओरडता ओरडता खरं बोलून गेलो असतो. मला शांतपणे खरं बोलता येत नाही. हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं मला वाचवलं. असं कुणी वाचवतं का?

आता आम्ही दोघंही म्हातारे आहोत. मागच्या महिन्यात आष्ट्याला त्याच्या अंगणात बसलो होतो. गल्लीतून एक मोटारसायकल गेली. तो तिकडं पाठ करून बसला होता. म्हणाला, "क्लच घसरतुया त्याचा." थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाला तो पोरगा गाडी ढकलत नेताना दिसला.

ज्यांनी ज्यांनी माझ्या दुकानात ती गोष्ट ऐकली, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आनंदानं गुंडाळलेलं कॉइल घाटात मेलं नव्हतं. ते कधीच मेलं नाही. परवा मी ते खणातून काढून एका जुन्या गाडीला लावून पाहिलं. पहिल्याच किकला ठिणगी पडली.