कोणाच्या घरचे?

रामवाडीला माझं पापडांचं दुकान आहे. 'घरचे पोह्याचे पापड' ही पाटी मीच रंगवली. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर बघा माझं.

रोह्याला जाणारी एक बाई दर उन्हाळ्यात यायची. नाव मी कधी विचारलं नाही. पाकीट फोडायला लावायची, एक पापड दोन बोटांत उन्हाला धरून बघायची, कोपरा मोडून चघळायची, मगच दहा पाकिटं घ्यायची.

एका वर्षी आमच्या हिचा हात मोडला. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मी मशीनचे पापड आणून आमच्या पिशव्यांत भरले. बाई आली तेव्हा दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं उभी होती. तिने पापड उन्हाला धरला. हाताने लाटलेला पापड मधे जाड, कडेला पातळ असतो. हा सगळीकडे सारखा होता.

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, पाटीवर घरचे लिवलंय. कोनाच्या घरचे?"

"आमच्याच." माघार घेणं मला जमत नाही.

"मग काकीचा हात बदलला म्हनायचा," म्हणत तिने पापड ठेवला आणि गाडीकडे गेली.

बाकीच्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. तरी मी त्यांच्या हातातली पाकिटं परत घेतली. "आज नाय देत, जा!"

हिचा हात आता बरा आहे. लाटते, पण थोडेच. त्यातली दहा पाकिटं मी मागे ठेवतो, कोणी कितीही मागितली तरी देत नाही. ती बाई अजून आलेली नाही.