समोरच्या खोलीतलं ऊन

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्या असोसिएशनची जगातल्या प्रत्येक गोष्टीवर भूमिका असायची. भाजीच्या हातगाड्या दुपारी आत येऊ द्यायच्या नाहीत, ही एक. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर बारातघर, म्हणजे लग्नाचा हॉल, होऊ द्यायचं नाही, तिथे पार्कच हवा, ही दुसरी. पार्क झाल्यावर त्यात मुलांनी खेळायचं नाही, ही तिसरी. अध्यक्ष कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले होते. रविवारी सकाळी खुर्च्या मांडून सभा भरायची. समोसे येईपर्यंत ते इंग्रजीत बोलायचे आणि समोसे आले की हिंदीत.

एका विषयावर मात्र असोसिएशन मूग गिळून बसली होती, तो म्हणजे वाढीव खोल्या. ते दिवसच वाढण्याचे होते. लोकांचे पगार वाढत होते, टीव्हीवरचे चॅनल वाढत होते, स्कूटरच्या जागी गाड्या येत होत्या. मग घरं कशी मागे राहतील? आमचे फ्लॅट सरकारी, चार मजली, एकावर एक. पुढच्या बाजूला खोली काढायची तर खालून जमिनीतून पिलर उचलायला लागायचे. म्हणजे चारही मजल्यांनी मिळून बांधायचं, नाहीतर कोणीच नाही. कमिटीतल्या बहुतेकांनी बांधून घेतलं होतं, त्यामुळे त्यावर बोलायला कोणी तयार नव्हतं.

आमच्या समोरच्या इमारतीतल्या चौघांचंही जमलं. पहिल्या मजल्यावर, अगदी माझ्या बाल्कनीसमोर एक पंजाबी बाई राहायची, माझ्याच वयाची. तिला मी कधी नावानं ओळखलं नाही, घरात आम्ही 'समोरची' म्हणायचो. तिची खोली पूर्ण झाली त्या दिवशी तिने मला हाक मारून बाल्कनीतूनच दाखवली. भलीमोठी काचेची खिडकी, वेताच्या खुर्च्या, एक मनीप्लँट आणि खोलीभर ऊन. "बस, बैठने के लिए बनवाया है जी," ती म्हणाली. नुसतं बसायला! माझा जळफळाट झाला. मी "बहुत अच्छा" म्हटलं आणि आत येऊन कुकरचं झाकण असं आपटलं की हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "आता त्या कुकरने काय केलं, यार?"

मला ती खोली बसायला नको होती. माझी आई वाईला एकटी होती. वडील गेल्यावर भावाने अमेरिकेतून 'इकडे ये' म्हणायचं तेवढं म्हटलं, आणि आईने 'नको' म्हणायचं तेवढं म्हटलं. माझ्याकडे यायला ती तयार होती. पण दोन खोल्या, दोन मुलं आणि आम्ही दोघं. एसटीडी बूथवरून मी फोन केला की ती विचारायची, "येईन गं, पण मला झोपवशील कुठे? कपाटात?" ती हसायची आणि मी हसत नसे. मला एक खोली मिळाली असती तर माझी आई माझ्याजवळ राहिली असती, इतकी ती साधी गोष्ट होती.

आमच्या उभ्या ओळीतल्या वरच्या दोघांचा होकार होता. अडून बसले ते तळमजल्यावरचे बंगाली गृहस्थ. एकटे होते, आणि पुढच्या पट्टीत त्यांनी गुलाब लावले होते. पिलर नेमका त्या गुलाबांत येणार होता. मी त्यांना समजावलं, वाद घातला, आईचं वय सांगितलं, एकदा तर म्हातारपण सगळ्यांनाच येतं असंही सुनावलं. ते दरवेळी हात जोडून "सॉरी" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. असे दोन हिवाळे गेले. त्या दोन्ही हिवाळ्यांत समोरची आपल्या खिडकीत संत्री सोलत उन्हात बसलेली मला दिसायची. आमच्या घराची पुढची बाजू उत्तरेला, तिची दक्षिणेला. आमच्या वाटणीचं ऊन मागच्या मोरीवर पडायचं, खरकट्या भांड्यांवर. भांडी उन्हात आणि मी सावलीत, याचासुद्धा मला राग यायचा.

शेवटी एका सभेत मी उभी राहिले. "हवा और धूप पर सबका हक है," मी म्हटलं. "जिसे देखो वो कमरा निकाल रहा है. असोसिएशन का कोई स्टैंड है कि नहीं?" बोलता बोलता मला चढतच गेलं. आगीचा बंब गल्लीत कसा शिरणार, म्हातारी माणसं उन्हाला कुठे बसणार, सगळं काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला नाही तर कोणालाच नाही, एवढंच माझ्या मनात होतं, पण ते तत्त्वासारखं ऐकू आलं. असोसिएशनने भूमिका घेतली: यापुढे खोली काढायची तर ओळीतल्या चौघांची संमती हवीच, शिवाय समोरच्या फ्लॅटचीही हवी. घरी येताना हे म्हणाले, "समोरचीची खोली तर बांधून झालीय. नियम लागणार कोणाला? तुलाच." मी त्यांच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही, कारण ते खरं होतं.

पुढच्या आठवड्यात समोरचीने बाल्कनीतून हाक मारली. "भाभीजी, नीचे वाले दादा मान गए."

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी खाली गेले तर ती त्यांच्या गुलाबांपाशी उभी, आणि ते बंगाली गृहस्थ खुरपं घेऊन जमिनीवर रेघ मारून दाखवत होते. तिने त्यांना फक्त विचारलं होतं, "दादा, पिलर कहाँ लगाएँ कि आपके गुलाब बच जाएँ?" जरा डावीकडे सरकवला की काम होत होतं. दोन वर्षांत मला हे विचारायचं सुचलं नव्हतं. मी आईचं दुःख सांगत बसले, त्यांच्या गुलाबांचं कोणी विचारलंच नव्हतं. ते माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसले. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, माझ्या आईची खोली मी का नाही मिळवली, हिने का मिळवली?

सभेत तिच्या संमतीचा विषय आला तेव्हा अध्यक्षांनी तिला बजावलं, "देख लीजिए, आपकी धूप कटेगी." ती म्हणाली, "थोड़ी कट जाएगी. इनकी माताजी आएँगी, रौनक हो जाएगी." एवढं बोलून तिने समोसा उचलला. माझ्यासारखं भाषण नाही, काही नाही. मी तिचे आभार कसेबसे मानले. निदान थोडे आढेवेढे तरी घ्यायचे! एखाद्याच्या उपकाराखाली राहणं जमतं, पण हिला उपकार केल्याचं भानही नव्हतं.

उन्हाळ्यात खोली झाली. दिवाळीनंतर आई आली. भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "छान केलीस गं." मी तिचा पलंग मांडला, देवांसाठी फळी ठोकली, वाईहून आणलेलं तिचं तांब्याचं फुलपात्र उशाशी ठेवलं. आठ दिवस मी हवेत होते.

मग दिल्लीची थंडी पडली. माझी खोली उत्तरेची, आणि आता बाल्कनीही गेलेली. फरशीवर पाय ठेववत नसे. हीटर लावला तर आईचं डोकं दुखायचं. स्वेटर, शाल, कानटोपी घालून ती पलंगावर गाठोडं होऊन बसायची आणि खिडकीतून समोर बघायची. एक दिवस समोरची खिडकीत उभी राहून तिला हातानेच बोलावू लागली. आई तिच्याकडे गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग सकाळी अंघोळ, पूजा आटोपली की चपला घालून "आलेच गं" म्हणत जिना उतरायची, ती जेवायलाच परत यायची.

दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, तरी काय बोलायच्या कोण जाणे. आईच्या हिंदीत निम्मं वाईचं मराठी असायचं. समोरची तिला 'आई' म्हणायला लागली. माझी मुलं तिला आजी म्हणायची, आई मी एकटी म्हणत होते. दिल्लीभर माझी अशी एकच गोष्ट होती, तीही हिने घेतली. आई जेवताना सांगायची, "तिने आज गाजराचा हलवा केला होता," आणि मी वरणात तूप जरा जास्तच वाढायचे. मी म्हटलंसुद्धा, "आई, तुझ्यासाठी खोली बांधली मी." ती म्हणाली, "हो गं, झोपते की मी तिथे." माझ्या मनातलं तिला कळलं नाही, की कळून तिने तसं उत्तर दिलं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक दिवस जेवायची वेळ टळली तरी ती आली नाही. मी तणतणत समोर गेले. दार उघडंच होतं. आत गेले तर समोरचीने ओठांवर बोट ठेवलं.

आई वेताच्या खुर्चीत झोपली होती. पाय वेताच्या बुटक्या मोढ्यावर, तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावर, हातांवर, पांढऱ्या केसांवर ऊन. वाईला असतानाही मी तिला इतकं निवांत झोपलेलं पाहिलं नव्हतं. समोरची भिंतीशी खाली बसून मटार सोलत होती, शाल गळ्यापर्यंत घट्ट ओढून. ती सावलीत होती. मी पहिल्यांदाच त्या खोलीत पाऊल ठेवलं होतं, म्हणून तिथून माझं घर कसं दिसतं ते बघायला खिडकीशी गेले. समोर माझी खोली होती, बाहेरून प्लॅस्टरही न केलेली. बाहेर काढून ठेवलेल्या कपाटासारखी ती पुढे आली होती. तिचीच सावली या खोलीभर पसरली होती. त्यातून खुर्चीपुरतं ऊन उरलं होतं, आणि ती खुर्ची समोरचीने माझ्या आईला दिली होती.

माणसाने इतकं चांगलं असावं तरी कशाला? मला तिचा राग आला. आईचाही आला, माझ्या थंडगार खोलीचाही आला. माझे डोळे भरून आले, तेही तिच्यासमोर.

आई जरा हलली. डोळे न उघडताच कुरकुरली, "कोण आहे गं? बाजूला हो, ऊन अडतंय."

मी बाजूला झाले. समोरचीने दुसरा मोढा पायाने माझ्याकडे सरकवला, सावलीतला. मी बसले. तिच्या परातीतून ओंजळभर शेंगा उचलल्या आणि सोलायला लागले, तिच्यापेक्षा भराभर.