नकाशातली छपरी

मी विदर्भातलं आर्वी सोडून पुण्याला निघाले त्या सकाळी आमची छपरी माणसांनी भरली होती. घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याच्या बाजूने उघडी, वर पत्रे, खाली फरशी आणि भिंतीला लागून एक लांब बाकडं, एवढीच आमची छपरी. बोलावलं कुणालाच नव्हतं. मास्तरांची पोरगी आर्किटेक्चर शिकायला चालली म्हटल्यावर शेजारपाजार आपसूक येऊन बसला होता. ड्रॉइंग बोर्ड आईने जुन्या चादरीत असा गुंडाळला होता, की वाटावं घरातलं तान्हं मूल पाठवतेय. "पोचली का फोन करजो माय," एवढं एकच तिचं चाललं होतं. दिवसभर वर्गात शिकवणारे बाबा ऑटोत ठेवलेल्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा तपासत होते. ऑटो वळला तेव्हा मला फार रडू आलं.

पुण्यात सदाशिव पेठेत दोघींत एक खोली मिळाली. पहिले काही महिने मी झोपेत चालावं तशी चालायचे. कॉलेजात सांगितलं होतं, पाहायला शिका. मी पाहतच सुटले. जुने जिने, बाहेर झुकलेल्या गॅलऱ्या, कुणाच्या तरी स्वयंपाकघराची जाळी आणि तिच्यातून गल्लीत पडणारा पिवळा उजेड. चालता चालता मनातल्या मनात मी लोकांच्या भिंती पाडायचे, खिडक्या मोठ्या करायचे, कुणाला न विचारता कुणाच्या गच्चीवर झाड लावायचे. एकदा अशीच एका स्कूटरसमोर गेले. "आपण स्वप्नातून उतरलात की मी पुढे जाऊ?" स्कूटरवरच्या काकूंनी विचारलं. पुणं मला आवडू लागलं ते तेव्हापासून.

मग पहिली ज्युरी झाली. आपलं डिझाइन भिंतीवर लावायचं आणि सगळ्यांसमोर समजावून सांगायचं. मी एक लहानसं घर काढलं होतं. काठी टेकवून म्हटलं, "आणि घराच्या पुढे ही छपरी." अख्खा वर्ग हसत सुटला. मला कळेना, चुकलं काय. सर अजिबात हसले नाहीत. "घरात छपरी कोण आहे ते नंतर सांगा," ते म्हणाले, "आधी हा जिना कुठे पोचतो ते सांगा."

रूमवर आल्यावर ऋतुजाने, म्हणजे माझ्या साताऱ्याच्या रूममेटने, उलगडून सांगितलं. "अगं, छपरी म्हणजे तो गं, केस पिवळे केलेला, बाइकचा सायलेन्सर काढून फिरणारा. तू त्याला घराच्या पुढे बसवलंस!" हसून हसून आमची पोटं दुखली. तरी त्यानंतर मी तो शब्द वापरला नाही. सेमी-ओपन स्पेस म्हणू लागले. मार्क चांगले पडू लागले. तुम्हीही माझ्यासारखेच बॅगा उचलून इकडे आला असाल, तर तुमचाही असा एखादा शब्द असणार, जो तुम्ही घडी करून आत ठेवून दिलाय.

आता शेवटचं वर्ष आहे. ऋतुजा आणि मी कोथरूडला एका सोसायटीत राहतो. समोरच्या काकू चांगल्या आहेत, सेफ्टी डोअरच्या आडून दोन मिनिटं बोलतात, मग दार लागतं. बाल्कनीत कॉफी घेऊन बसलं की खालच्या झाडांचा पाला हलतो आणि क्षणभर वाटतं, आता कुणीतरी वहाणा वाजवत येईल आणि न विचारता बाकड्यावर टेकेल. चौथ्या मजल्यावर कोण येणार?

दिवाळीनंतर बाबांचा फोन आला. निवृत्तीआधी घराचं पुढचं काम करून घ्यायचं होतं. छपरी बंद करून तिथे पक्की खोली, आत बाथरूम. "तुह्यासाठी," ते म्हणाले. "तू आली का तुले तिकडच्यासारखं राह्यला पाहिजे. नकाशा तूच काढजो."

माझ्या आयुष्यातला पहिला खरा नकाशा, जो खरोखर बांधला जाणार होता. लॅपटॉप उघडला आणि खोली काढली. खिडकी पूर्वेला, टेबल उजेडात, पुस्तकांना कोनाडे. फार सुंदर झाली होती. बराच वेळ मी त्या खोलीत मनाने वावरले, अंथरुणावर पडून पाहिलं, खिडकी उघडली. बाहेर नुसता रस्ता होता. बसलेलं कुणीच नव्हतं.

मी फोन लावला. "बाबा, मग लोकं बसतील कुठे?"

"लोकं बसतीन आत. त्याहिची सोय होते," बाबा म्हणाले. "तुही सोय नाही होत. मागच्या खेपेले दोन दिवसांत निघून गेली तू."

मी गेले होते ते कॉलेजच्या सबमिशनसाठी. बाबांनी मात्र त्याचा अर्थ लावला होता, की पोरीला आता हे घर पुरत नाही. आणि म्हणून ते आपली संध्याकाळची जागा, आपले सोबती, सगळं भिंतीआड घालायला तयार झाले होते. त्यांच्यावर इतकी माया आली की राग आल्यासारखं वाटलं.

खोली पुसून टाकली. पत्रे थोडे उंच केले, बाकडं लांब केलं, आणि मधोमध देवनागरीत ठसठशीत लिहिलं: छपरी. नकाशा बाबांना पाठवला. लगेच फोन वाजला.

"आर्किटेक्ट बाई, तुही खोली कुठं हाय?"

"खोली पाहुण्याले लागते, बाबा," मी म्हटलं. किती वर्षांनी ती बोली तोंडात आली होती. "मी काय पाहुनी हाय का?"

मला वाटलं, हसतील. बाबा हळूच म्हणाले, "मंग राहून दाखवजो."

पुण्यातल्या दोन ऑफिसांतून नोकरीचं बोलावणं आलंय, मी इथेच राहीन हे बाबांना ठाऊक आहे आणि मलाही. तरी छपरीचं काम सुरू झालंय. घर म्हणजे आता माझ्यासाठी ते बाकडं, ज्याच्यावर बाबा माझी जागा सोडून एका कडेला सरकून बसतात.