काचवाले चाचांचा समुद्र

दिवाळी होऊन बारा दिवस झाले होते, वार रविवार. माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात बेचाळीस हजार रुपये होते आणि खामगावातल्या त्या काचेच्या दुकानात आम्ही तिघं होतो. मी, माझी बायको सुनंदा आणि काचवाले चाचा. समुद्राच्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची एक लहान टाकी घरी बसवायची म्हणून मी सामानाची यादी करून नेली होती. चाचांनी चष्मा वर सरकवून यादी वाचली, तिची घडी करून माझ्या हातात परत दिली आणि मला एकशे वीस रुपयांचा थर्मामीटर विकला. बाकीचे पैसे त्या दिवशी माझ्याबरोबर आमच्या गावी, वरवट बकालला परत आले.

"एका बकेटीत पाणी भरा," ते म्हणाले. "जिथं टाकी ठेवाची, तिथंच ठेवा. पंधरा दिवस सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाण्याचा ताप लिहा. मंग या."

"अन् सामान?"

"सामान कुठं पळून राह्यलं?"

खिशात पैसे घेऊन आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. खिडक्यांची तावदानं, फोटोंच्या चौकटी, शोकेसची दारं हा त्यांचा खरा धंदा; टाक्यांचं सामान ते हौसेने बाजूला ठेवायचे. हिऱ्याची कटर काचेवरून एकदाच फिरायची. दुसऱ्यांदा फिरवावी लागली तर तो तुकडा ते स्वतःच्या खर्चात टाकायचे. तरुणपणी काच बसवायला म्हणून सौदीत जेद्दाला गेले होते. तिथल्या एका हॉटेलात भिंतीएवढी समुद्राची टाकी होती. तिची काच बसवता बसवता ती सांभाळायचं काम अंगावर आलं आणि आठ वर्षं ते त्याच कामावर राहिले. परत आल्यावर खामगावच्या उन्हात, दुकानाच्या मागच्या भागात, सिमेंटच्या ओट्यावर त्यांनी स्वतःची तीन फुटांची टाकी मांडली. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. गावातले लोक येऊन विचारायचे, "चाचा, हे मासे खाचे का?"

त्या टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची एक जोडी होती. त्यांना जोकर मासे म्हणतात. जोडी अकरा वर्षांची होती. "मोठी दिसते ते बाई," चाचांनी पहिल्याच दिवशी सुनंदाला सांगितलं. "घरात तिचंच चालते. नवऱ्यानं जास्त शहाणपणा केला का ठोसा मारते. तुमच्याकडं कसं हाय, ताई?"

"आमच्याकडं ठोसा माराची गरज पडत नाही," सुनंदा म्हणाली.

आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, पण अर्ध्या बाजाराला माहीत होतं की चाचा त्या जोडीसाठी घर शोधत होते. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. दोन्ही मुली सासरी. एकीच्या घरी जागा नाही, दुसरीच्या घरी पाणीच नाही. हात चालतायत तोवर जोडी कोणाकडे तरी नीट लागली पाहिजे, एवढीच त्यांना चिंता होती. एका हॉटेलवाल्याने टाकीसकट तीस हजार देऊ केले होते. चाचांनी नाही म्हटलं. "त्यानं पहिला सवाल काय केला? याचा लाइट निळा होते का म्हणे!"

माझी हौस तशी साधीच होती. मी ज्युनिअर कॉलेजात हेडक्लार्क. नागपूरला सुनंदाच्या दाढेचं काम चालू असताना दातांच्या डॉक्टरांकडे दीड तास बसलो होतो. समोर अशी टाकी होती. बाहेर आल्यावर सुनंदाने किती वाजले विचारलं आणि माझ्या लक्षात आलं की दीड तासात मी एकदाही घड्याळ पाहिलं नव्हतं. चोवीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडलं, असं तीच म्हणाली.

पंधरा दिवसांनी मी आकडे लिहिलेली वही नेली. पंचेचाळीस नोंदी होत्या. चाचांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग प्रश्न सुरू झाले. मे महिन्यात टाकीची खोली किती तापते? लाइन दिवसातून किती वेळ जाते? नळ कितव्या दिवशी येतो? तुम्ही कॉलेजात असता तेव्हा घरी कोण असते? एवढं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी माझी यादी मागून घेतली आणि ती खालून वर वाचायला सुरुवात केली.

मी सगळ्यात वर लाइट लिहिला होता, अठरा हजारांचा. चाचांनी तो सगळ्यात खाली नेला आणि आठ हजारांवर आणला. "लाइट मानसाले दिसाले लागते. जे दिसत नाही ते पहिले घ्या." म्हणून पहिली खरेदी झाली पाणी शुद्ध करायच्या फिल्टरची आणि पाण्यातलं मीठ मोजायच्या, दुर्बिणीसारख्या डोळ्याला लावायच्या नळीची. मग पाणी हलवणारा पंप, आणि लाइन गेली तरी तो चालावा म्हणून घरच्या इन्व्हर्टरवरून एक वेगळी तार. मी नवशिक्याला सोपी पडेल म्हणून एक फुटाची टाकी लिहिली होती. तिथे चाचांनी दोन फुटांची लिहिली. "लहान टाकी लवकर बिघडते, भाऊ. लोटाभर पाण्यात चिमूटभर हळद पडली तं सारं पिवळं. हौदात पडली तं कोणाले समजते?"

पाणी थंड ठेवायचं मशीन मला फार आवडलं होतं. अडतीस हजार किंमत. चाचांनी त्यावर सरळ काट मारली. "वऱ्हाडातल्या मानसाले कूलर शिकवाचा का? कोरड्या हवेत पाण्यावर पंखा मारला का पाणी थंड होते. दोन लहान पंखे घ्या. फक्त रोज तीन-चार लिटर पाणी उडन. जेवढं उडलं तेवढं फिल्टरचं गोडं पाणी टाकाचं. मीठ उडत नाही, ते आतच राह्यते."

हे सगळं सामान त्यांनी मला पाच फेऱ्यांत विकलं. एका फेरीत दोन वस्तूंपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. आधीची वस्तू हाताला बसली का ते विचारायचे, वापरून दाखवायला लावायचे, मग पुढची. थर्मामीटर धरून एकूण एक्केचाळीस हजार पाचशे वीस रुपये लागले. चारशे ऐंशी उरले.

आणि मासे? "पहिले पानी पाळा, मंग मासा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मिठाचं पाणी, बारा किलो सच्छिद्र दगड आणि फिरणारा पंप, एवढ्यावर सहा आठवडे काढायचे. शेजारचे देशमुख मोठ्या उत्साहाने पाहायला आले, पाच मिनिटं वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "बे, दगडं पाह्याले बोलावलं काय आम्हाले?" सुनंदाने चहा देता देता किंमतही सांगून टाकली. मी मात्र रोज मीठ मोजत होतो, ताप लिहीत होतो. सातव्या आठवड्यात चाचांनी सहा गोगलगायी आणि बटणाएवढ्या तोंडांची दोन प्रवाळं दिली. सकाळी लाइट लागला की ती तोंडं हळूहळू उघडायची. मी कॉलेजला उशिरा जाऊ लागलो. पाच मिनिटं, पण उशीर.

मग एप्रिल आला. नळ नवव्या दिवशी यायला लागला. फिल्टर एक लिटर पाणी द्यायला तीन लिटर मोरीत सोडायचा, आणि ते वाहताना पाहून माझा जीव जायचा. आमचा भाग खारपाणपट्टा. घरामागच्या बोअरला पाणी भरपूर, पण असं खारट की शेळीही तोंड फिरवते. मी हिशेब केला. समुद्राला खारं पाणी लागतं; आमच्याकडे खारं पाणी फुकट आहे. मग उडालेल्या पाण्याच्या जागी तेच टाकलं तर बिघडलं कुठे? शंभर गावांत विचारलं असतं तर शंभर जणांनी मला हुशार म्हटलं असतं, पण ती गावं आमच्याच पट्ट्यातली असायला हवीत. एकोणीस दिवस मी रोज चार लिटर बोअरचं पाणी मोजून टाकलं.

दगडांवर आधी तपकिरी बुळबुळ आली, मग हिरवे केस. सहापैकी पाच गोगलगायी मेल्या. प्रवाळांची तोंडं मिटली ती उघडेनात.

वही आणि टाकीतल्या पाण्याची बाटली घेऊन आम्ही दोघं खामगावला गेलो. चाचा आदल्याच दिवशी अकोल्याहून आले होते. खुर्चीत बसून होते, चेहरा सुजलेला. "डोळे थकले, भाऊ. तुम्हीच वाचा," म्हणाले. मी वाचायला लागलो. तारीख, ताप, मीठ. तारीख, ताप, मीठ. पुढे ती ओळ आली. ती गाळली असती तर त्यांना दिसलं नसतं. पंप खराब निघाला म्हणता आलं असतं, दगड खराब म्हणता आलं असतं. सुनंदा माझ्याकडे पाहत होती. मी वाचलं, "बोअरचं पाणी, चार लिटर." मग दुसऱ्या दिवशीची ओळ, मग तिसऱ्या. एकोणीसही ओळी वाचल्या.

 चाचा हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले. "लोनार नाही आठवलं का तुम्हाले? तेबी खारंच हाय, जिल्ह्यातच हाय. दोन टँकर आनले असते!"

"चाचा, चुकलं माझं."

"चुकलंच." त्यांचं हसणं थांबलं. "खारं झालं म्हनून ते समुद्र होत नाही. त्यात काय काय हाय ते मले इचारा. माझं लहानपन मामाकडं, तुमच्याच पट्ट्यात गेलं. तेच पानी पेलो. आता हप्त्यातून दोनदा अकोल्याले माझंच पानी बदलतेत." मग सुनंदाकडे वळून म्हणाले, "ताई, या वहीत आनखी काही लपवलं तं नाही ना यायनं?"

"यायले लपवता येत नाही, चाचा. माह्या वाढदिवसाले साडी आनली तं तिच्या डब्यात बिलबी तसंच ठेवलं होतं."

"चुकते तं सारेच. आपली चूक रोजच्या रोज लिहून ठेवते कोन?" चाचांनी वही माझ्या हातून घेतली, मिटली आणि मांडीवर ठेवली. "टाकी धुवा. पानी नवं करा. दोन महिने नीट चालवून दाखवा. मंग माही जोडी तुमच्याकडं येईन."

जोडीबद्दल मी त्यांना एका शब्दानेही विचारलं नव्हतं. 

चाचा त्या हिवाळ्यात गेले. त्यांची काही वाक्यं आमच्या घरात राहिली आहेत. मी काही नवीन घ्यायचं काढलं की सुनंदा विचारते, "पानी पाळलं का?" मग मी आणखी पंधरा दिवस थांबतो, आणि बहुतेक वेळा ती वस्तू लागतच नाही. पाणी शुद्ध करायचा फिल्टर अजून तोच आहे. मोरीत जाणारं पाणी आता पिंपात धरतो आणि अंगण धुवायला वापरतो. ही सुधारणाही त्यांनीच फोनवर सांगितली होती, हसत हसत.

जोडी आणायचा दिवस मात्र नीट सांगितला पाहिजे. श्रावण होता, आभाळ भरलेलं, ऊन नाही. दिवस चाचांनीच निवडला. डायलिसिसच्या हाताने वजन उचलायची मनाई, म्हणून ते खुर्चीत बसून फक्त सांगत होते. आधी पाणी कॅनमध्ये, मग दगड, मग मासे, शेवटी रिकामी टाकी. झाकणाच्या बादलीत जोडी आणि तिच्यात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. बादली टेम्पोत चढताना चाचा म्हणाले, "ही पहिली नवरी, नवऱ्याले संग घेऊन सासरी चालली." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

मी पैशांचा विषय काढला. ते घेणार नाहीत आणि आग्रह करावा लागेल, अशी माझी तयारी होती. त्यांनी गल्ल्यातून बिलबुक काढलं आणि लिहिलं, 'जोडी, रु. ३,०००.' बाजारभाव तेवढाच होता. टाकीचे आणि दगडांचे काही लावले नाहीत, पण जोडीचे पूर्ण लावले. मी दिलेल्या नोटा त्यांनी दोनदा मोजल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकल्या. खरं सांगतो, मला जरासं लागलं. सुनंदा हळूच म्हणाली, "बरंच झालं. देणं नको राह्याले." टेम्पो निघाला तेव्हा चाचा बाहेर आले नाहीत. त्याआधी टेम्पोवाल्याला आत बोलावून काहीतरी सांगितलं होतं; आता ते रिकाम्या ओट्यावरचे मिठाचे पांढरे डाग फडक्याने पुसायला लागले.

टेम्पो इतका हळू चालला की सायकली पुढे जात होत्या. दीड तासाच्या रस्त्याला पावणेतीन तास लागले. प्रत्येक खड्ड्याआधी तो थांबायचा. शेगावच्या अलीकडे एका लिंबाखाली गाडी उभी करून, ताडपत्री उचलून त्याने बादलीत बुडबुडे येतायत का पाहिलं. मी दोनदा घड्याळ दाखवलं. त्याने ऐकलं नाही.

घरी बादली उतरली. मासे आमच्या दोन फुटांच्या टाकीत गेले, बाई पुढे, नवरा मागे. मी बाहेर येऊन ठरलेल्या भाड्याचे पंधराशे रुपये मोजून टेम्पोवाल्यापुढे धरले.

"भेटले काका पैसे," तो म्हणाला.

"कोणी दिले?"

"चाचायनं. तीन हजार. पंधराशे भाडं अन् पंधराशे हळू चालवाचे. म्हने, गाडीचा काटा तीसच्या वर गेला तं मी जाब इचारीन."

माझे पंधराशे माझ्याच हातात राहिले. जोडीचे तीन हजार मी चाचांना दिले होते. ते सगळेच्या सगळे त्यांनी टेम्पोवाल्याला दिले.