अष्टमीला न उठलेला हात

देवीवर माझा पुरता भरवसा, पण एकदा देवीबद्दलच शंका घ्यायची पाळी माझ्यावर आली. निजामाच्या अमदानीतली गोष्ट. आम्ही साखऱ्याला राहत होतो. दर नवरात्रात अष्टमीच्या होमाला आमच्या मालकांच्या अंगात देवी यायची. म्हणून त्या दुपारी हे होमापुढे एकाएकी बसकण मारून जड जिभेनं काहीबाही बोलू लागले, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. बायामाणसं पाया पडू लागली. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आई आली गं बाई!"

माझी नजर मात्र यांच्या हातांवर गेली. देवी आली की हे आधी दोन्ही हातांनी परडी उचलून घेत. आज परडी पुढे केली तर नुसता डावा हात उठला, उजवा मांडीवर तसाच पडून राहिला. तोंडाची एक बाजू ओघळली होती. यांना हात लावावा तर देवी कोपेल, न लावावा तर माणूस हातचा जाईल. मनात म्हटलं, आई, तूच असशील तर मला शिक्षा कर. नसशील तर कुणाच्या तरी तोंडून सांग.

तेवढ्यात दिरांनी दुधाची वाटी यांच्या तोंडाला लावली. असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला. गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "दूध काहून पाजून राहिला रे? त्याला गिळता येऊन न्हाई राहिलं!" कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या, लमाणांच्या तांड्यावरची असावी. तिनं यांना कुशीवर वळवलं. "माझ्या बापाचं असंच झालतं. आमीबी देवच समजलो. ह्यो लकवा हाय, माय. गाडी जुंपा."

"देवी कोपंल!" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्यापुढे कधी ब्र न काढणारी मी बोलून गेले, "कोपू द्या माझ्यावर."

हिंगोलीच्या दवाखान्याची वाट सरता सरेना. यांच्या छातीवर हात ठेवून श्वास चालतोय ना, एवढंच मी बघत होते. डॉक्टर म्हणाले, अजून दूध पाजलं असतं तर माणूस वाटेतच गेला असता.

पुढे तांड्यावर विचारलं, तर तशी म्हातारी कुणालाच ठाऊक नव्हती. ती कोण, याचा मी आता खल करत नाही. देवीवर हवाला टाकायचा आणि गाडी जुंपायची, एवढं तिनं मला शिकवलं.

यांचा उजवा हात काही परत आला नाही. पुढच्या अष्टमीला परडीपुढे यांनी डावा हात उचलला आणि ओशाळून थांबले. मी शेजारी सरकून माझा हात त्याला जोडला. आई, मी तुझा कोप मागितला होता, तू माझं कुंकू राखलंस.