पूजेआधी भरलेला दोर

आम्ही सात जण आहोत. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, सगळ्यांची पोटं सुटलेली, आणि सगळ्यांकडे चारही चाकांना जोर देणारी जीप. कोणाची केळी, कोणाचा पेट्रोल पंप, एक दातांचा डॉक्टर, आणि मी सारंगखेड्याकडचा, तापीच्या पाण्यावर पपई पिकवणारा. दर रविवारी सकाळी आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी जातो, चांगला डांबरी रस्ता सोडतो, एखाद्या नाल्यात उतरतो आणि गाडी अडकवतो. अडकली की ती बाहेर काढतो. काढली की चहा पितो आणि फोटो टाकतो. पाड्यावरची माणसं काठावर उभी राहून हे सगळं बघतात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं एकदा मला विचारलं होतं, पलीकडे तुमचं काय काम असतं? पलीकडे आमचं काहीच काम नसतं, हे त्याला समजावून सांगताना मला घाम फुटला.

गाडी बाहेर काढायला पुढच्या बंपरवर विंच असते. एक मोटर, तिला जोडलेला लोखंडी ड्रम, ड्रमवर गुंडाळलेली तार. तारेचं टोक झाडाला बांधायचं आणि बटण दाबायचं. ड्रम तार ओढून घेतो आणि गाडी स्वतःच स्वतःला खेचत वर येते. माझ्या विंचवर पोलादी तार होती आणि मी सुखात होतो. मग डॉक्टरानं सिंथेटिक दोर बसवला, आणि एका रविवारात आमच्या तारा मागासलेल्या ठरल्या. सिंथेटिक दोर हलका असतो, हाताला टोचत नाही, तुटला तर तारेसारखा उसळून माणसाचा जीव घेत नाही. हे सगळं खरं आहे. पण मी तो मागवला त्याचं कारण यांपैकी एकही नव्हतं. डॉक्टराकडे होता आणि माझ्याकडे नव्हता, एवढंच. त्याचा नारिंगी होता म्हणून मी निळा घेतला.

तो बसवायला मी नंदुरबारला मिस्त्रीकडे गेलो. साठी ओलांडलेला माणूस. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणतो. मिरच्या वाळत घालतात त्या पथाऱ्यांच्या पलीकडे त्याची पत्र्याची शेड आहे. शेडवर पाटी नाही, छापलेलं कार्ड नाही. सातही जीपा त्याच्याकडे जात होत्या त्या एकानं दुसऱ्याला सांगितलं म्हणून. चांगलं काम करतो, हे लोकांचं बोलणं हीच त्याची सगळी इस्टेट. ते बोलणं फिरलं तर त्या शेडमध्ये पत्रे आणि पाने सोडून काही उरत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

दसऱ्याचा आदला दिवस होता. चाचानं कातडी हातमोजे घालून जुनी तार उलगडली, कारण तुटलेले धागे तळहातात सुईसारखे घुसतात. मग मोजे काढून ड्रमवरून बोट फिरवलं आणि कानस घेऊन बसला. तारेनं ड्रमला बारीक बारीक ओरखडे पाडले होते. तासभर तो ते घासत होता. मी दोनदा घड्याळ बघितलं, तेव्हा त्यानं माझं बोट धरून एका ओरखड्यावर टेकवलं.

"हाई धार दोरले कापी टाकी," तो म्हणाला.

तार ज्यांमधून बाहेर पडते ते झिजलेले पुढचे रोलरही त्यानं काढले आणि दोराबरोबर आलेलं गुळगुळीत ॲल्युमिनियमचं तोंड तिथं बसवलं. दोराचं टोक ड्रमला बोल्टनं आवळलं. आता फक्त दोर गुंडाळायचा राहिला होता. मी खूश होऊन मोबाईल बाहेर काढला.

"भाऊ, हाऊ दोर वजनवर भरना पडी," चाचा म्हणाला. "हातवर भरा तर ढिला ऱ्हाई."

म्हणजे असं की दोराचं टोक समोरच्या कडुनिंबाला बांधायचं, गाडी मागे नेऊन दोर सगळा सोडायचा, आणि मग ब्रेक अर्धवट दाबून धरून विंचनं ती जड गाडी झाडाकडे ओढायची. म्हणजे एकेक वेढा ताणून घट्ट बसतो. पण तसं करताना दोर मध्ये जमिनीला टेकणार, आणि शेडसमोरची जमीन म्हणजे काळं ऑईल, धूळ आणि वाऱ्यानं आलेली मिरचीची सालपटं.

सारंगखेडा म्हणजे घोड्यांच्या यात्रेचं गाव, आणि इथं माझ्यातला घोडेवाला जागा झाला. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपल्या घरचं नवं दावं आणायचं. ते दावं आधी घरातल्या बाईनं हळदकुंकू लावून पुजायचं, आणि पूजेआधी त्याला माती लागू द्यायची नाही. यात्रेतून घोडी आणायला जाताना माझे वडील नवी दोरी खांद्यावर टाकून नेत, बसताना मांडीवर घेत. आता विंच ही घोडी नाही, हे मला कळत होतं. पण उद्या दसरा, गाडीची पूजा, निळाकोरा दोर, आणि ग्रुपवर टाकायचा फोटो. धर्म आणि फोटो एकत्र आले की माझ्यासारख्या माणसाचं डोकं चालत नाही.

"चाचा, पूजा व्हवाना पहिले दोरले माती लागाले नको," मी म्हणालो.

चाचानं माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं आणि वर देवाचं नाव घेतलं, की मिस्त्रीनं काय बोलायचं? मी अख्खा दोर खांद्यावर घेऊन उभा राहिलो आणि त्यानं हातानं एकेक वेढा ओळीनं बसवला. दिसायला फार सुरेख दिसत होता.

"दसरा व्हयना का दुसरा दिन गाडी लई या," तो म्हणाला. "वजनवर भरी देसू. तेना पहिले दोरवर जोर देऊ नका."

मी हो म्हणालो. हो म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही.

दसऱ्याला बंपरवर झेंडूची माळ चढली. बायकोनं ताट आणलं, दोराला हळदकुंकू लावलं आणि नीट निरखून बघितलं.

"दोर चांगला शे," ती म्हणाली. "पन बांधाना कोनले शे, तुमलेच ना?"

दुसऱ्या दिवशी मला चाचाकडे जायचं होतं. पण ग्रुपनं सुट्टी साधून नाल्यावर जायचं ठरवलं आणि डॉक्टर येणार होता. चाचाचं सांगणं मी विसरलो नव्हतो. मिस्त्री लोक जरा वाढवूनच सांगतात, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि नंदुरबारचा फाटा सोडून सरळ पुढे गेलो.

नाल्यात मी गाडी नेहमीपेक्षा खोल घातली, कारण आज माझ्याकडे दोर होता. सगळे काठावर मोबाईल धरून उभे. मी टोक एका जाड झाडाला पट्ट्यानं बांधलं आणि बटण दाबलं. गाडी दोन हात हलली. मग वरचा ताणलेला वेढा खालच्या ढिल्या वेढ्यांमध्ये घुसला आणि चेंगरून बसला. पुढे ओढेना, मागे सुटेना. मोटर नुसती कण्हत होती. डॉक्टरानं खाली उतरून ड्रमकडे बघितलं आणि विचारलं, "हे असं कोणी भरलं?"

खरं उत्तर दोन शब्दांचं होतं: माझ्या हट्टानं. सहा मोबाईल माझ्याकडे रोखलेले होते, बुटात पाणी गेलेलं होतं, दोराला अजून हळदकुंकू होतं. मी म्हणालो, "चाचानं. काम कच्चं केलं त्यानं."

पाड्यावरून एक ट्रॅक्टर आला. त्याच्याकडे चारा बांधायचा दोर होता, तीन ठिकाणी गाठी मारलेला. त्या दोरानं आम्हाला एका झटक्यात बाहेर काढलं. ट्रॅक्टरवाला हसला नाही, हे त्याचे उपकार.

माझं वाक्य मात्र तिथंच थांबलं नाही. त्याच दिवशी ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की चाचाचं वय झालं, हात पूर्वीसारखा राहिला नाही. दुसऱ्यानं दोंडाईच्याच्या गॅरेजचा नंबर टाकला. तिसऱ्याला आठवलं की त्याच्याही गाडीचा क्लच चाचानं नीट बसवला नव्हता. तो क्लच चार वर्षं चालत होता. मी सगळं वाचलं आणि गप्प बसलो.

तीन आठवडे दोर तसाच अडकलेला होता. दोंडाईच्याच्या गॅरेजवाल्यानं तो कापून टाकू म्हटलं, तेव्हा मी शेवटी चाचाकडे गेलो. शेडमध्ये एकही जीप नव्हती. एक रिक्षा उभी होती, तिचं सायलेन्सर तो जोडत होता.

त्यानं सायलेन्सर बाजूला ठेवलं. लाकडी पाचर घेऊन वेढे सोडवले, चेपलेला भाग चाचपला, धुतला. मग टोक कडुनिंबाला बांधलं. मी स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. तो बाजूला उभा राहून बटण दाबत होता आणि एकेक वेढा घट्ट बसत होता. मध्येच त्यानं बटण सोडलं.

"ग्रुपना लोके आजकाल येत नहीत," तो म्हणाला. "मन्हाथीन काही चुकनं का, भाऊ?"

"नही चाचा, सीझन शे. बठ्ठा लोके कामले लागेल शेत."

"मंग बरं. माले वाटनं, मन्हं काम बिघडनं."

त्याचा चेहरा मोकळा झाला. तो मोकळा झालेला चेहरा मला बघवेना. मला स्वतःची किळस आली.

"चाचा, मीच सांगं त्यासले," मी म्हणालो. "दोर अटकना तवय मीच म्हनं, चाचानं काम कच्चं शे."

त्यानं परत बटणावर बोट ठेवलं.

"ब्रेक दाबी धरा," तो म्हणाला. "अर्धा दोर बाकी शे."

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की चूक माझी होती, चाचानं बजावूनही मी ऐकलं नाही. दोघांनी अंगठा दाखवला. डॉक्टरानं लिहिलं, "जाऊ दे रे, होतं असं." तोवर सगळ्यांना दोंडाईच्याची सवय झाली होती. परत कोणी गेलं नाही.

मी जातो. गेल्या महिन्यात ब्रेक बदलायला गेलो होतो. काम झाल्यावर चाचानं मला गाडीखाली वाकायला लावलं, टॉर्च धरून एकेक नट दाखवला. पूर्वी तो किल्ली हातात द्यायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचा.

"दखी ल्या, भाऊ," तो म्हणाला. "नीट दखी ल्या. मंगच गाडी काढा."